मोंब्रिसाकची उलटी पंगत

ऑनोरे देल्मास यांना या सगळ्या खटाटोपातून काय मिळणार होतं, ते आधीच मांडून टाकलेलं बरं, कारण स्वतः ऑनोरे ते कधी मांडणार नाहीत. त्यांच्या तोंडून ऐकाल तर प्रश्न इतिहासाचा होता. पाणचक्कीच्या वाटेनं मोंब्रिसाकच्या माणसांनी सातशे वर्षं धान्य वाहिलं, धुणी वाहिली, चोरून प्रेमपत्रं वाहिली. ती वाट म्हणजे गावाची शीर, आणि शीर कापल्यावर माणूस जगतो का, असं ते दाढी करताना आरशालासुद्धा विचारत. प्रत्यक्षात प्रश्न होता लेट्यूसचा. त्या वाटेच्या टोकाला, जुन्या धुण्याच्या घाटापलीकडे, ऑनोरेंचा भाजीचा वाफा होता. घरातून निघालं की रमतगमत दहा मिनिटांत माणूस वाफ्यावर. वाट बंद झाली तर मोठ्या रस्त्यानं वळसा, ट्रकांचा धूर, आणि हातातली झारी डचमळत पाऊण तास. ऑनोरे विम्याच्या कचेरीतून निवृत्त झाल्यापासून लोक नातवंडांबद्दल बोलतात तसे टोमॅटोबद्दल बोलत. तेव्हा इतिहास होता, नाही असं नाही. पण तो लेट्यूसच्या मुळाशी खतासारखा होता.

वाट बंद व्हायची वेळ आली ती मस्य, म्हणजे श्रीयुत, शोव्हे यांच्यामुळे. हे गृहस्थ बोर्दोला पोरांच्या दातांना तारा लावून लावून चांगले गब्बर झाले आणि तीन वर्षांपूर्वी त्यांनी आमची पडकी पाणचक्की विकत घेतली. दुरुस्ती सुरेख केली, त्याबद्दल गावात दुमत नाही. घर लागल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपली बैठकीची फरशी आणि नदी यांच्या मधून गावची वाट जाते. त्यांनी आधी तिच्यावर फाटक बसवलं, म्हणे बदकं बाहेर जाऊ नयेत म्हणून, आणि रविवारी त्याला कुलूप घालू लागले. मग नगरपालिकेकडे ती वाटच विकत मागितली. नगरपालिकेला बाजारमंडपाचं छप्पर दुरुस्त करायला पैसे हवे होते. गावची वाट कोणी वापरत नसेल तर ती विकता येते, असा कायदा आहे. आमच्या नगराध्यक्षा मादाम रुमेगू यांनी भर सभेत विचारलं, "त्या वाटेनं हल्ली चालतं कोण?"

"मी," ऑनोरे उठून म्हणाले.

"तुमच्याशिवाय?"

"माझी बायको."

मागच्या बाकावरून जोझियानबाईंचा आवाज आला, "मी मोटारीनं जाते."

सभा हसली. ऑनोरे खाली बसले. ठराव जूनअखेरच्या गुरुवारी मताला टाकायचं ठरलं.

त्या रात्री जेवताना ऑनोरे काटा खाली ठेवून म्हणाले, "नव्वद माणसं चालवतो त्या वाटेवरून. मग बघू कोण विकतंय."

"नव्वद माणसं तुझ्यामागून कशाला चालतील?"

"माझ्यामागून नाही. जेवणामागून."

यात तथ्य होतं. आमच्याकडे दर जूनमध्ये पदभ्रमण मंडळाची चालती पंगत असते. म्हणजे असं, की एका ठिकाणी जेवणाआधीचा वाइनचा पेला घ्यायचा, तिथून चालत पुढे जाऊन खरबूज आणि हॅम, पुढे कुणाच्या शेतावर बदक, आणखी पुढे चीज, आणि शेवटी केक-कॉफी. मधल्या चालण्यामुळे आपण व्यायाम करतोय असं वाटतं आणि त्यामुळे सगळं दोनदा वाढून घेता येतं. आसपासच्या गावांतून, पार बेल्जियमहूनसुद्धा लोक येतात. दरवर्षी पंगत तटबंदीच्या बाजूनं त्याच त्या रस्त्यानं फिरायची. मंडळाच्या बैठकीत ऑनोरेंनी नवा फेरा मांडला: बाजारमंडपापासून निघून पूल ओलांडायचा, उजवीकडच्या दगडी पायऱ्या चढून टेकडीवरच्या चॅपेलपाशी पेला, तिथून टेहळणी बुरुजाशी खरबूज, मग लाकोंब्यांच्या शेतावर बदक, उतरताना मादाम पेजूच्या शेळ्यांच्या गोठ्यात चीज, आणि सगळ्यात शेवटी धुण्याच्या घाटावर केक. केक खाऊन गावात परतायचं तर पाणचक्कीची वाट चालण्यावाचून गत्यंतर नाही. सापळा उत्तम होता. खुणा रंगवायचं कामही ऑनोरेंनी आपणहून अंगावर घेतलं.

आता असं काही काढलं की आमच्या गावात सल्ला फुकट आणि मुबलक मिळतो. बाप्तिस्त हा ऑनोरेंचा शाळेपासूनचा दोस्त, निवृत्त खाटीक. तो म्हणाला, "केक शेवटी ठेवलास? गाढवा, पोट भरलेला माणूस केकसाठी कशाला चालेल? चीज खाऊन सगळे मोठ्या रस्त्याला लागतील आणि घरी जाऊन आडवे होतील. बदक ठेव घाटावर."

"भट्टी लाकोंब्यांकडे आहे. ती काय डोक्यावर घेऊन येऊ?"

"मी आपलं सांगितलं. पुढे म्हणशील बाप्तिस्तनं सांगितलं नाही."

जोझियानबाईंनी वेगळ्या ठिकाणी बोट ठेवलं. "आणि मादाम रुमेगू बघणार कशा? त्या पेला घेतात, भाषण करतात आणि निघून जातात. अकरा वर्षांत त्या बाईला आपल्या पंगतीत काही चावताना कोणी पाहिलेलं नाही."

"फोटो काढू."

"तू काढलेल्या फोटोत फक्त लोकांचे पाय येतात."

"पायच दाखवायचे आहेत!" ऑनोरे म्हणाले, पण आवाजात पहिल्यासारखा दम नव्हता.

मग सुरू झालं रंगाचं प्रकरण. चालण्याच्या वाटांवर देशभर पिवळी खूण असते: सरळ रेघ म्हणजे या वाटेनं या, फुली म्हणजे इकडे फिरकू नका. पोराटोरांनाही हे ठाऊक आहे. परंतु आमचा बाजारमंडप संरक्षित, चॅपेल संरक्षित, आणि संरक्षित वास्तूच्या नजरेच्या टप्प्यात खिडकीची झडपं रंगवायची तरी वारसा खात्याला विचारावं लागतं. ऑनोरेंनी विचारलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, की पिवळा रंग वास्तूच्या सौम्य भावाशी विसंगत आहे. अर्जदारानं मंजूर छटांपैकी बिस्किटी छटा वापरावी. ऑनोरेंनी डबा आणून मंडपाच्या खांबावर बोटभर रंग लावून पाहिला आणि मग तो कुठे लावला ते त्यांनाच सापडेना. त्यांनी खात्याला फोन केला.

"अहो, हा रंग आणि दगडाचा रंग एकच आहे. खूण दिसतच नाही."

"अगदी बरोबर," पलीकडची बाई समाधानानं म्हणाली. "तोच उद्देश आहे."

अखेर मंडपापासून पुलापर्यंत कायदेशीर रीतीनं अदृश्य खुणा झाल्या. पुलाच्या पलीकडे संरक्षित हद्द संपते. पण पूल जिल्ह्याचा, पलीकडचा काठ नदीखात्याचा आणि त्यावरचं झाड कुणाचं हे कुणालाच माहीत नव्हतं. ऑनोरेंनी पाच ठिकाणी अर्ज केले. एका उत्तरात त्यांचा उल्लेख 'मादाम देल्मास' असा होता. ते उत्तर त्यांनी अजून ठेवलं आहे, कारण त्यात परवानगीही होती.

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा झाला तो पायऱ्यांपाशी. आणि तो समजायला ऑनोरेंच्या छातीविषयी थोडं सांगायला हवं.

चॅपेलच्या पायऱ्या दोनशेच्या वर आहेत. "मी रोज सकाळी उपाशीपोटी चढतो," असं ऑनोरे मंडळात, कॅफेत आणि डॉक्टरांनाही सांगत. खरं म्हणजे गेल्या नऊ वर्षांत त्यांनी त्या एकदाही चढल्या नव्हत्या. पहिल्या वळणालाच त्यांचा भाता सुरू होई. टेकडीवर जायचं तर ते आपल्या नेहमीच्या वाटेनं जात: पुलावरून डावीकडे, पाणचक्की, घाट, आपला वाफा, शेळ्यांचा गोठा, आणि तिथून बैलगाडीच्या सावकाश चढणाऱ्या रस्त्यानं वर. मग पायऱ्या उतरून खाली. उतरताना कोणी भेटलं तर घाम पुसायचा. खुणा रंगवायला निघाले तेव्हा ऑनोरे याच वाटेनं गेले, कारण पाय त्याच वाटेनं वळले. आपण फेरा उलटा चालतोय हे त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांच्या लेखी फेऱ्याला तेवढी एकच दिशा होती. प्रत्येक फाट्यावर, आपण जातोय त्या बाजूला त्यांनी सरळ रेघ ओढली आणि दुसऱ्या बाजूला फुली मारली. पुलापाशी डावीकडे वळताना त्यांनी उजव्या हाताच्या पहिल्या पायरीवर हातभर लांब, ठसठशीत, विम्याच्या माणसाला शोभेल अशी निःसंदिग्ध पिवळी फुली मारली, दोन पावलं मागे जाऊन पाहिली आणि स्वतःवरच खूश झाले.

पंगतीच्या रविवारी ऊन मऊ होतं आणि नव्वदाच्या जागी शंभराला टेकतील एवढी माणसं मंडपात जमली होती. खरं तर ऑनोरेंनी पुढे चालायला हवं होतं. पण अक्रोडाच्या वाइनच्या बाटल्या आणि पेले बाप्तिस्तच्या गाडीनं मागच्या रस्त्यानं चॅपेलवर जाणार होते. ऑनोरे गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "बाटल्यांपाशी कोणीतरी जबाबदार माणूस हवा." आणि गाडीत चढून बसले. "खुणा आहेतच!" त्यांनी खिडकीतून ओरडून सांगितलं. "डोळे मिटून चाला!"

पुलावर काय झालं ते त्यांना पुढे इतक्या जणांनी इतक्या वेळा ऐकवलं आहे, की स्वतः हजर असल्यासारखं ते त्यांना पाठ आहे. गावच्या माणसांना चॅपेल उजवीकडे आहे हे जन्मापासून माहीत; पण समोर फुली. शाळेचे जुने मुख्याध्यापक म्हणाले, पायऱ्या खचल्या असतील. कोणी म्हणालं, वारसा खात्यानं बंद केल्या असतील, त्यांचं काही सांगता येत नाही. बेल्जियमचं एक जोडपं नम्रपणे म्हणालं, "फुली म्हणजे फुली." पाव तास कडाक्याचा वाद झाला. मग सगळ्यांनी एकदा मान वर करून पायऱ्यांकडे पाहिलं, आणि एवढा वाद घालणारी आमची माणसं फुलीच्या बाजूनं एकमतानं उभी राहिली.

वर चॅपेलच्या अंगणात टेबलावर पांढरं कापड, त्यावर पेल्यांच्या रांगा, मागे बाप्तिस्त. मादाम रुमेगू आपल्या छोट्या मोटारीनं आल्या. फिका निळा सूट, टाचांचे बूट, हातात भाषणाचा एकच कागद. अकरा वाजता त्यांना दुसऱ्या गावात बालवाडीचं उद्घाटन होतं. दहा मिनिटं झाली. वीस झाली. पायऱ्यांवर चिटपाखरू नाही.

"पायऱ्या जरा दमवतात," ऑनोरे म्हणाले.

"तुम्ही तर रोज चढता ना?"

"मला सवय आहे."

तेवढ्यात त्यांच्या खिशात फोन वाजला. धुण्याच्या घाटावर जोझियानबाई केक घेऊन बसल्या होत्या. त्यांचं काम दुपारी चारला सुरू व्हायचं होतं.

"ऑनोरे, माझ्याकडे माणसं आली आहेत."

"किती?"

"सगळी. फाटकाला कुलूप आहे, पलीकडून ओरडतायत. केक कापले नाहीत, कॉफीचं पाणीसुद्धा चढवलेलं नाही. आणि तू म्हणे पायऱ्यांवर फुली मारलीस?"

ऑनोरेंच्या डोळ्यांसमोर ती फुली उभी राहिली, हातभर लांब, ठसठशीत. "सगळ्यांना परत पाठव," ते कुजबुजले.

"तू ये आणि पाठव. शंभर उपाशी माणसांना 'परत जा' म्हणायला मी काही वेडी नाही." फोन बंद झाला.

अंगणाच्या कठड्यावरून सगळं खोरं दिसतं. मादाम रुमेगू तिथे जाऊन उभ्या होत्या आणि खाली बघत होत्या. नदीकाठानं, पाणचक्कीच्या वाटेवर, रंगीबेरंगी टोप्यांची लांबच लांब रांग फाटकापाशी तुंबली होती.

"मस्य देल्मास, ती आपलीच माणसं का?"

"हो, मादाम."

"आणि ती तिथे काय करतायत?"

माणसाच्या आयुष्यात असा क्षण एखाद्याच वेळी येतो. ऑनोरेंनी जाकिटाचं बटण लावलं. "चालतायत, मादाम. वाटेवरून."

"मला तर उभी दिसतायत."

"कुलूप आहे म्हणून. वाट गावची आहे, कुलूप गावचं नाही."

बाप्तिस्तनं बाटली पुसता पुसता घसा खाकरला. मादाम रुमेगूंनी घड्याळ पाहिलं, कागदाची घडी घातली आणि म्हणाल्या, "चला." मोटार फाटकापर्यंत जात नाही, तेव्हा त्या पायऱ्यांनी निघाल्या. ऑनोरे मागोमाग. उतरण असल्यामुळे त्यांना बोलायला श्वास उरला होता. पण बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. निम्म्या वाटेवर मादामच्या उजव्या बुटाची टाच दगडांत अडकून तुटली. त्यांनी डावीही पायरीवर आपटून मोडली आणि एक शब्द न बोलता पुढे झाल्या.

फाटकापाशी मस्य शोव्हे उभे होते. अंगावर पट्ट्यापट्ट्यांचा झगा, हातात कॉफीचा वाडगा, पायाशी दोन बदकं. "मला दुपारी तीनची वेळ सांगितली होती," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "तीन वाजता उघडणार आहे. मी शब्द दिला आहे. आत्ता ही खाजगी—"

"अजून नाही, मस्य," गर्दीतून पुढे येत मादाम रुमेगू म्हणाल्या. "खाजगी व्हायला गुरुवार उजाडायचा आहे."

"पण मादाम, तुम्हीच तर म्हणालात, इथून काळं कुत्रं फिरकत नाही!"

शंभर माना मादामकडे वळल्या. निवडणुकीला वर्षच उरलं होतं. मादामनी त्या सगळ्या चेहऱ्यांकडे एकदा नीट बघून घेतलं, आणि राजकारणातली बाई कशी असते ते ऑनोरेंना त्या दिवशी कळलं. "मी म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "म्हणूनच आज स्वतः बघायला आले आहे."

"पण आम्हाला इकडे पाठवलं कोणी?" मुख्याध्यापक मागून ओरडले. "पायऱ्यांवर फुली कोणाची?"

फाटकापलीकडून, केकांच्या डब्यांमधून, जोझियानबाई शांतपणे म्हणाल्या, "ह्याची. ह्याला चढताना दम लागतो. फेरा रंगवला तो स्वतःच्या सोयीनं."

ऑनोरे म्हणाले, की ऊन, वारा आणि उताराचा सर्वांगीण विचार करून... पण पुढचं कोणाला ऐकू गेलं नाही. लोक हसायचे थांबेपर्यंत ते टोपीची कड तपासत राहिले.

"म्हणजे आता चॅपेलवर परत जायचं?" कोणीतरी विचारलं.

"कशाला? केक इथेच आहे."

"केक? आत्ता? जेवणाच्या आधी?"

वाट चुकली, कुलूप लागलं, ऊन वर आलं, हे आमच्या माणसांनी सोसलं होतं. पण रिकाम्या पोटी, पेल्याशिवाय, बदकाशिवाय, चीजशिवाय सरळ केक! एक आजीबाई भिंतीला टेकल्या. आणि तेवढ्यात मस्य शोव्हे यांनी कॉफीचा वाडगा कठड्यावर ठेवला.

"थांबा," ते म्हणाले. "तुम्ही काय म्हणताय? या लोकांना पेला मिळालेला नाही?"

"पेले वर आहेत," ऑनोरे म्हणाले. "चॅपेलवर."

"आणि पहिला घास केकचा?"

"दुसरा चीजचा," जोझियानबाई म्हणाल्या. "मग बदक, मग खरबूज."

मस्य शोव्हे यांचा चेहरा पडला. तीस वर्षं लोकांचे दात सरळ रांगेत आणण्यात घालवलेला माणूस तो. असली उलथापालथ त्यांना बघवेना. "अहो, ही माणसं आहेत!" ते म्हणाले आणि झग्याच्या खिशातून किल्ली काढून त्यांनी फाटक सताड उघडलं. "या, आत या सगळे. बदकांवर पाय देऊ नका. मादाम, तुम्ही सावलीत बसा. तुम्ही, फुलीवाले, तुम्ही माझ्याबरोबर तळघरात चला."

तळघरात बोर्दोहून आणलेली पांढरी वाइन रचून ठेवलेली होती. तीन वर्षांत पाहुणाच न आल्यामुळे बरीचशी तशीच होती. ऑनोरे हातात चार-चार बाटल्या घेऊन वर-खाली करू लागले. चौथ्या फेरीला जिन्यात त्यांचा भाता सुरू झाला तेव्हा मस्य शोव्हे म्हणाले, "बसा. दम घ्या. मलाही लागतो." दोघं तळघराच्या पायरीवर बसले.

"तुम्हाला या वाटेचं एवढं काय?" शोव्हेंनी विचारलं.

ऑनोरे इतिहासापासून सुरुवात करणार होते. पण दम नव्हता. "वाफा आहे माझा," ते म्हणाले. "पलीकडे."

"ते टोमॅटोवाले तुम्ही? रोज सकाळी झारी घेऊन जाता. मी वरून बघतो. तुम्ही कधी वर बघत नाही."

ऑनोरेंनी बाटल्या उचलल्या.

पेला झाल्यावर लोकांना वाचा फुटली. आता पेला पाणचक्कीवर झाला, म्हणजे पंगतीला कायदेशीर सुरुवात झाली. तेव्हा उरलेला फेरा खुणांप्रमाणे पुरा करायला हरकत नाही, असा निवाडा मुख्याध्यापकांनी दिला. घाटावर केक खाताना लोक आधी चोरासारखे इकडेतिकडे बघत होते. दुसऱ्या तुकड्याला ती भीड गेली. बेल्जियमचं जोडपं तर आमच्याकडे असंच असतं असं समजून शांतपणे तिसरा तुकडा घेत होतं. गोठ्यावर मादाम पेजूनं कमरेवर हात ठेवून वाट अडवली. "गोड तोंडानं माझं चीज? आधी चुळा भरा!" आणि नळाशी रांग लावून तिनं प्रत्येकाला, मादाम रुमेगूंनासुद्धा, चूळ भरायला लावली. लाकोंब्यांकडे मात्र काहीच गडबड झाली नाही. पंगत कुठल्याही टोकाकडून आली तरी बदक मधोमधच येतं. भट्टी वेळेवर, बदक वेळेवर. पंगत उलटीकडून आली आहे, हे लाकोंब्यांना संध्याकाळपर्यंत कळलं नाही.

आणि या सगळ्यात पुढे होते ऑनोरे. दिशा त्यांची होती, चढ त्यांच्या ओळखीचा होता, कुठे थांबून देखावा बघितला की श्वास मिळतो ते त्यांच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. "इथे थांबा, इथून बुरुज छान दिसतो," ते म्हणत, आणि शंभर माणसं थांबत. मादाम रुमेगू मोडक्या बुटांनी त्यांच्याबरोबर चालत होत्या, कारण दुसरा इलाज नव्हता: त्यांची मोटार चॅपेलवर, भाषण करायचं तेही चॅपेलवर, आणि ठरलेला पेलाही चॅपेलवर. बालवाडीचं उद्घाटन त्यांनी फोनवरून उपनगराध्यक्षांच्या गळ्यात मारलं. लाकोंब्यांच्या शेतावर त्यांनी बदकाची तंगडी हातात धरून खाल्ली. अकरा वर्षांत प्रथमच त्या चावताना दिसल्या, आणि जोझियानबाईंनी त्याचा फोटो काढला. त्यात पाय नव्हते.

साडेपाचच्या सुमाराला पंगत चॅपेलवर पोचली. बाप्तिस्त सकाळपासून बाटल्यांची राखण करत होता आणि राखण करताना त्यानं काही बाटल्यांची खात्रीही करून घेतली होती. "आलात?" तो म्हणाला. "मी म्हटलं, युद्धबिद्ध लागलं की काय." जेवणानंतर घेतलेला जेवणाआधीचा पेला कसा लागतो हे आजवर कोणी करून बघितलं नव्हतं. तो फार छान लागतो.

मादाम रुमेगूंनी कागद खिशातून काढला नाही. "पाणचक्कीच्या वाटेनं कोणी चालत नाही असं मी सभेत म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "आज मी चालले. बुटांना विचारा." टाळ्या पडल्या. सगळ्यात जास्त वेळ मस्य शोव्हे वाजवत होते. झगा बदलून, टोपी घालून, ते बदकापासून पंगतीबरोबर होते.

गुरुवारी ठराव पडला. बाजूनं एकच मत होतं, ते गवत कापणीमुळे पंगतीला न आलेल्या सभासदाचं. फाटक मस्य शोव्हे यांनी स्वतः उतरवलं. बदकं अजून तरी पळालेली नाहीत.

आता हिशेब. लेट्यूस ऑनोरेंना मिळालं. मादाम रुमेगूंनी बुटांचा जोड दिला आणि पुढच्या निवडणुकीची शंभर मतं घेतली, म्हणजे त्या फायद्यातच. बाजारमंडपाच्या छपराला आणखी दोन पावसाळे थांबावं लागेल; मासेवालीनं डोक्यावर ताडपत्री ताणली आहे आणि ती कुरकुरत नाही, कारण त्या दिवशी तिनंही केकचे तीन तुकडे खाल्ले होते. ऑनोरेंनी अब्रू घालवली, पण ती काही फार जपून ठेवलेली नव्हती. शिवाय मंडळानं त्यांच्याकडून फुली खरवडून घेतली, ती एका दिवसात एक पायरी चढून बसल्या बसल्या झाली. मस्य शोव्हेंचं तळघर जवळपास रिकामं झालं. तरी त्यांचा खरा भुर्दंड वेगळाच आहे. वाट आता खुणांची, नकाशातली. रविवारी माणसांची रीघ लागते, आणि आमच्याकडे दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार केल्याशिवाय माणसाला गिळता येत नाही. दुपारचं जेवण घेऊन ते बाहेर बसले की चमचा तोंडाशी नेतात, खाली ठेवतात, "बोंजूर" म्हणतात, पुन्हा उचलतात.

"टेबल आत का घेत नाही?" जोझियानबाईंनी एकदा विचारलं.

"विचार करतोय," ते म्हणाले. आणि पुढच्या रविवारी टेबल वाटेच्या आणखी दोन हात जवळ आलं. तेव्हा या सगळ्याची किंमत, दर आठवड्याला, न चुकता, त्यांचं सूप मोजतं. ते थंड होतं.